एका दिवसाची माया-सहल : चिचेन इत्सा येथील मार्गदर्शित पर्यटन आणि 'लुप्त संस्कृती' या कल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चिचेन इत्सा हे प्राचीन माया नगर १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. २००७ मध्ये जनमताच्या आधारे जाहीर झालेल्या 'नव्या सात आश्चर्यां'त ताजमहालाच्या बरोबरीने या स्थळाचेही नाव आले आणि तेथील पर्यटकांचा ओघ अधिकच वाढला. अलीकडील काळात वर्षाला वीस लाखांहून अधिक लोक या स्थळाला भेट देतात. त्यांपैकी फार मोठा वर्ग कान्कुनसारख्या समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटननगरीतून सकाळी बसने निघतो आणि संध्याकाळी परत जातो. एका संपूर्ण संस्कृतीचे ज्ञान या पर्यटकांना एका दिवसात, एका मार्गदर्शकाच्या मुखातून प्राप्त होते.

या सहलीच्या माहितीपत्रकांत 'लुप्त', 'गूढ' आणि 'नाहीशी झालेली' ही विशेषणे वारंवार आढळतात. वस्तुतः माया भाषासमूहातील सुमारे तीस भाषा आजही मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होन्डुरास या देशांत बोलल्या जातात. २०२० च्या जनगणनेनुसार एकट्या युकातेक माया भाषेचे मेक्सिकोतील भाषक सुमारे पावणेआठ लाख आहेत. अवशेष पाहावयास येणाऱ्यांना ज्यांची संस्कृती 'लुप्त' म्हणून सांगितली जाते, त्यांचेच वंशज त्याच आवारात हस्तकलेच्या वस्तू विकत उभे असतात. हा विरोधाभास प्रस्तुत लेखाचा मूळ विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) चिचेन इत्सा येथील एकदिवसीय मार्गदर्शित सहलीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) सहलीत सांगितल्या जाणाऱ्या प्रमुख विधानांची उपलब्ध संशोधनाच्या आधारे तपासणी करणे.
३) 'लुप्त संस्कृती' या कल्पनेची कारणे व परिणाम यांचा विचार करणे.

प्रस्तुत विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पुरातत्त्व, अभिलेखविद्या आणि जनुकशास्त्र या क्षेत्रांतील प्रकाशित संशोधनाचा आधार घेतला आहे.

सहलीचे सर्वसाधारण स्वरूप

कान्कुन ते चिचेन इत्सा हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. बसला अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. प्रत्यक्ष स्थळावर दोन ते तीन तास मिळतात. त्यानंतर भोजन, एखाद्या नैसर्गिक कुंडात स्नान, वाय्यादोलिद या वसाहतकालीन शहरात थोडा वेळ आणि परतीचा प्रवास, असा क्रम सामान्यतः असतो. डिसेंबर २०२३ पासून 'त्रेन माया' या रेल्वेमार्गानेही चिचेन इत्सा गाठता येते. तथापि बसने होणारी एकदिवसीय सहल हाच अद्याप रूढ प्रकार आहे.

या सहलीत सर्वाधिक महत्त्व मार्गदर्शकाला असते. स्थळावर माहितीफलक असले तरी मर्यादित वेळात पर्यटक फलक वाचत नाही, तो ऐकतो. परवानाधारक मार्गदर्शकांपैकी अनेकजण अभ्यासू असतात आणि काहीजण स्वतः माया-भाषक असतात. परंतु दोन तासांत तीस-चाळीस व्यक्तींचे लक्ष टिकवून ठेवणे हीही त्यांच्या व्यवसायाची गरज होय. त्यामुळे जे चटकन समजते आणि चकित करते, तेच अधिक सांगितले जाते. पुढील विवेचनात सहलीतील तीन प्रमुख थांबे याच दृष्टीने तपासले आहेत.

पहिला थांबा : कुकुलकानचे मंदिर

प्रवेशद्वारातून आत येताच नऊ टप्प्यांचे, माथ्यावरील मंदिरासह सुमारे ३० मीटर उंचीचे भव्य पिरॅमिड दिसते. स्पॅनिश लोकांनी त्याला 'एल कास्तियो', म्हणजे किल्ला, असे नाव दिले. मूलतः हे पिसेधारी सर्पदेव कुकुलकान याचे मंदिर होय. याच्या चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत. ९१ गुणिले ४ म्हणजे ३६४ आणि माथ्यावरील चौथरा धरून ३६५, हे गणित प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. ते ग्राह्य आहे. मात्र माया कालगणनेचे खरे वैशिष्ट्य ३६५ या संख्येत नसून अनेक कालचक्रांच्या मेळात आहे.

माया लोक दोन चक्रे एकत्र वापरीत. पहिले २६० दिवसांचे धार्मिक चक्र आणि दुसरे ३६५ दिवसांचे वर्ष. या दोन्ही चक्रांतील दिवसनामांची तीच जोडी १८,९८० दिवसांनी, म्हणजे ५२ वर्षांनी पुन्हा येते. भारतीय पंचांगातील साठ संवत्सरांशी परिचित असलेल्या वाचकाला या रचनेतील अडचण सहज लक्षात येईल. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी पुन्हा येते, म्हणून केवळ नावावरून काळ ठरत नाही. त्याजोडीला शकाचा आकडा लागतो. याच गरजेतून माया गणितज्ञांनी एका निश्चित आरंभबिंदूपासून दिवस मोजण्याची 'दीर्घगणना' वापरली. प्रचलित समीकरणानुसार हा आरंभ इ.स.पू. ३११४ मधील ऑगस्ट महिन्यात येतो. वीस या पायावर आधारित ही अंकपद्धती शून्यासाठी स्वतंत्र चिन्ह वापरीत असे.

दीर्घगणनेतील १,४४,००० दिवसांच्या कालखंडास 'बक्तुन' म्हणतात. असे तेरा बक्तुन २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण झाले आणि 'माया लोकांनी जगाचा अंत वर्तविला आहे' अशी हाकाटी जगभर झाली. प्रत्यक्षात माया अभिलेखांत असे भाकीत नाही. पालेंके येथील अभिलेखांत पाकाल राजाच्या राज्यारोहणाशी संबंधित एक तिथी इ.स. ४७७२ मध्ये पडते. ज्यांनी २०१२ नंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी येणारी तिथी कोरून ठेवली, त्यांच्या मते २०१२ मध्ये जग संपणार नव्हते हे उघड आहे.

वसंत व शरद संपाताच्या सुमारास, म्हणजे मार्च व सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर प्रकाशाचे त्रिकोण पडतात. ते पायथ्याच्या सर्पमुखाला जोडले जाऊन सर्प खाली उतरत असल्याचा भास होतो. हा देखावा पाहण्यास हजारो लोक जमतात. परंतु तो संपातापूर्वी व नंतरही काही दिवस दिसतो आणि त्याचा उल्लेख करणारा कोणताही प्राचीन माया लेख उपलब्ध नाही. त्यामुळे हा परिणाम हेतुपूर्वक साधला होता काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पिरॅमिडसमोर टाळी वाजविली असता येणारा पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी हेही असेच उदाहरण होय. प्रतिध्वनी सत्य आहे. त्यामागील हेतू हे अनुमान आहे. सहलीच्या कथनात मात्र ही दोन्ही एकाच खात्रीने सांगितली जातात.

दुसरा थांबा : चेंडूच्या खेळाचे मैदान

येथील मोठे क्रीडांगण सुमारे १६८ मीटर लांब व ७० मीटर रुंद असून मध्य अमेरिकेतील ज्ञात प्राचीन क्रीडांगणांत ते सर्वांत मोठे आहे. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर दगडी कडी बसविलेली आहेत. भरीव रबराच्या जड चेंडूने, प्रामुख्याने कमरेच्या आघाताने, हा खेळ खेळला जाई. झाडाच्या चिकात एका वेलीचा रस मिसळून रबर लवचिक करण्याची कृती मध्य अमेरिकेतील लोकांना युरोपातील रबर-उद्योगाच्या कितीतरी शतके आधी अवगत होती, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ही बाब खरोखर थक्क करणारी आहे. परंतु सहलीत तिला क्वचितच स्थान मिळते.

तेथे प्रश्न विचारला जातो तो वेगळाच : 'बळी जिंकणाऱ्याचा देत की हरणाऱ्याचा?' भिंतीवरील शिल्पपटात शिरच्छेद झालेला खेळाडू आहे आणि त्याच्या मानेतून निघालेल्या रक्तधारांचे सर्प व वेली झालेले आहेत. मात्र तो जेता होता की पराजित, हे शिल्पावरून निश्चित करता येत नाही. रक्तातून वेल फुटण्याची ही प्रतिमा मृत्यू व सुफलता यांचा संबंध सूचित करते. स्पर्धेच्या निकालापुरताच तिचा विचार केल्यास तिच्यातील धार्मिक आशय निसटतो.

तिसरा थांबा : पवित्र कुंड

युकातानच्या उत्तर भागात भूपृष्ठावर नद्या जवळजवळ नाहीत. चुनखडीच्या खडकातून पाणी झिरपून भूगर्भात साठते आणि जेथे वरचे छत कोसळते तेथे खोल कुंड तयार होते. त्यास 'सेनोते' म्हणतात. 'चिचेन इत्सा' या नावाचा अर्थच 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी' असा आहे. पाण्यावाचून नगर उभे राहत नाही, हा नियम येथे नावातच नोंदविला गेला आहे.

मंदिरापासून एक उंच मार्ग सुमारे ६० मीटर व्यासाच्या पवित्र कुंडाकडे जातो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एडवर्ड थॉम्प्सन या अमेरिकी वाणिज्यदूताने या कुंडातून सोने, जेड, कोपल धूप आणि मानवी अस्थी बाहेर काढल्या. त्यांतील पुष्कळ वस्तू हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात गेल्या आणि काही पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. 'कुमारिकांना या कुंडात फेकीत' ही कथा तेव्हापासून विशेष लोकप्रिय झाली. अस्थींच्या अभ्यासात मात्र पुरुष, स्त्रिया व मुले या सर्वांचे अवशेष आढळले.

याच कुंडाजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभराहून अधिक बालकांचे अवशेष सापडले होते. त्यांपैकी ६४ बालकांच्या प्राचीन जनुकांचे विश्लेषण जून २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही सर्व बालके मुलगे होती, त्यांत एकरूप जुळ्यांच्या दोन जोड्या होत्या आणि अनेकजण परस्परांचे निकटचे नातलग होते. 'पोपोल वुह' या किचे माया ग्रंथातील पाताळात उतरणाऱ्या जुळ्या वीरांच्या कथेशी याचा संबंध असावा, असे संशोधकांनी सुचविले आहे.

नरबळीची प्रथा होती, हे या अभ्यासाने नाकारले नाही. 'कुमारिकांची' रंगविलेली कथा मात्र आणखी दुर्बल ठरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संशोधकांनी या बालकांच्या जनुकांची तुलना युकातानमधील तिश्काकाल्तुयुब या गावच्या विद्यमान माया रहिवाशांशी केली. दोहोंत आनुवंशिक सातत्य आढळले. शिवाय आजच्या रहिवाशांच्या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांत सोळाव्या शतकातील साथींचा ठसा दिसला. ज्यांचे पूर्वज कुंडाकाठच्या नगरात राहत होते आणि ज्यांनी वसाहतकाळातील महामाऱ्या सोसल्या, तेच लोक आज तेथे आहेत.

'लुप्त' या कल्पनेचा उगम

ही कल्पना रूढ होण्याची कारणे इतिहासात आहेत. पहिले कारण नगरांच्या ऱ्हासाचे होय. इ.स.च्या नवव्या शतकात दक्षिणेकडील तिकाल, पालेंके इत्यादी नगरे ओस पडू लागली. चिचनकानाब सरोवराच्या गाळाच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या काळातील तीव्र अवर्षणाचा पुरावा दिला. त्याजोडीला राज्याराज्यांतील युद्धे होतीच. परंतु नगरे ओस पडणे म्हणजे लोक नाहीसे होणे नव्हे. त्याच काळात चिचेन इत्सा भरभराटीस आले. शेवटचे स्वतंत्र माया राज्य स्पॅनिश सैन्याने जिंकले ते १६९७ मध्ये. पुढे १८४७ मध्ये युकातानमधील माया शेतकऱ्यांनी जो उठाव केला, तो १९०१ पर्यंत धुमसत राहिला. नाहीसा झालेला समाज पन्नास वर्षे लढत नाही.

दुसरे कारण लिपीच्या नाशाचे आहे. जुलै १५६२ मध्ये मानी या गावी दिएगो दे लान्दा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने देवमूर्तींसह अनेक माया पोथ्या जाळविल्या. आज केवळ चार पोथ्या शिल्लक आहेत. याच लान्दाने माया चालीरीतींवर लिहिलेल्या ग्रंथात एक सदोष 'वर्णमाला' नोंदविली होती. तिचाच आधार घेऊन सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये माया लिपीतील चिन्हे ध्वनिमूलकही आहेत, असे प्रतिपादन केले. ब्रिटिश विद्वान एरिक थॉम्प्सन यांनी त्यास कडाडून विरोध केला. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी पिएद्रास नेग्रास येथील अभिलेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण व मृत्यू यांच्या तिथी असल्याचे दाखविले. त्यानंतरच्या दशकांत बहुतांश लिपी वाचता येऊ लागली.

या वाचनाने दोन गोष्टी साध्य झाल्या. केवळ ग्रहतारे पाहणारे शांत पुरोहित, ही माया लोकांची जुनी प्रतिमा मोडली आणि नावे, घराणी, युद्धे व करार असलेला इतिहास पुढे आला. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. लिपीचे वाचन शक्य झाले ते जिवंत माया भाषांच्या ज्ञानामुळे. ज्या भाषा शेतात, बाजारात व स्वयंपाकघरात टिकून राहिल्या, त्यांनीच दगडावरील शब्दांना उच्चार दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अभिलेखतज्ज्ञांच्या साहाय्याने माया-भाषक स्वतः ही लिपी पुन्हा शिकू लागले.

मार्गाच्या कडेची संस्कृती

बसच्या खिडकीतून गावे मागे पडतात तेव्हा लंबवर्तुळाकार, पानांनी शाकारलेली घरे दिसतात. उश्माल येथील प्राचीन वास्तूच्या दर्शनी भागावर अशाच झोपडीची दगडी प्रतिकृती कोरलेली आहे. एक हजार वर्षांपूर्वी शिल्पात आलेले घर आजही वापरात आहे. मात्र बस तेथे थांबत नाही. दुपारच्या भोजनातील 'कोचिनिता पिबिल' या पदार्थाच्या नावातील 'पिब' हा माया शब्द असून त्याचा अर्थ जमिनीत खणलेली भट्टी असा आहे. डुकराचे मांस स्पॅनिश लोकांबरोबर आले. भट्टी आणि तिचे नाव मूळचेच राहिले.

धर्माचेही असेच आहे. चिचेन इत्सापासून काही किलोमीटरवर असलेल्या बालान्कान्चे गुहेतील बंदिस्त दालन १९५९ मध्ये उघडले गेले. आत प्राचीन धूपपात्रे जागच्या जागी ठेवलेली होती. तेव्हा स्थानिक माया पुरोहिताने गुहेच्या रक्षकदेवतांची शांती करणे आवश्यक असल्याचे सांगितले आणि पुरातत्त्वज्ञांच्या उपस्थितीत तो विधी पार पडला. पुरातत्त्वज्ञांना जे प्राचीन अवशेष वाटले, ते त्या पुरोहिताच्या दृष्टीने चालू असलेले देवस्थान होते. पर्जन्यदेव चाकला आवाहन करणारे विधी युकातानच्या काही खेड्यांत आजही होतात.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. युकातानमधील सर्वच माया-भाषक स्वतःस 'माया' म्हणवीत आले आहेत असे नाही आणि आजची संस्कृती ही प्राचीन संस्कृतीची जशीच्या तशी प्रत नव्हे. ख्रिस्ती धर्म, स्पॅनिश भाषा, शहरातील रोजगार यांनी तिच्यात खोल बदल घडविले आहेत. सातत्य याचा अर्थ अपरिवर्तनीयता असा घेतल्यास 'लुप्त' या एका चुकीच्या जागी 'सनातन' ही दुसरी चूक येऊन बसेल.

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. मंदिराचे अवशेष राष्ट्राच्या मालकीचे असूनही त्याखालील जमीन २०१० पर्यंत खासगी मालकीत होती. त्या वर्षी युकातान राज्य शासनाने ती विकत घेतली. परिसरातील गावांतून येणाऱ्या विक्रेत्यांचे आवारातील स्थान मात्र दीर्घकाळ वादाचा विषय राहिले आहे. शेजारच्या ग्वातेमालात याचे टोक अधिक भीषण आहे. तेथील तिकालचे अवशेष हे राष्ट्राचे भूषण मानले जात असतानाच यादवी युद्ध चालू होते. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार त्या युद्धातील पूर्ण ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. मृत मायांचा अभिमान आणि जिवंत मायांची उपेक्षा ही दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात. 'लुप्त' हा शब्द या विसंगतीवर पांघरूण घालतो.

निष्कर्ष

१) चिचेन इत्साची एकदिवसीय सहल अनेकांसाठी माया संस्कृतीचे पहिले आणि बहुधा शेवटचे दर्शन असते. म्हणून तीत सांगितल्या जाणाऱ्या विधानांचे महत्त्व मोठे आहे.
२) या कथनात सिद्ध तथ्ये, वादग्रस्त अनुमाने आणि निराधार आख्यायिका एकाच पातळीवर मांडल्या जातात. त्यांतील भेद स्पष्ट केल्यास सहलीचे आकर्षण घटत नाही. रबराची कृती, दीर्घगणना, लिपीचे वाचन ही तथ्ये आख्यायिकांहून अधिक विस्मयकारक आहेत.
३) भाषा, जनुके, वास्तुरचना व विधी या चारही क्षेत्रांतील पुरावे माया समाजाच्या सातत्याची साक्ष देतात. ऱ्हास झाला तो विशिष्ट नगरांचा व राजसत्तांचा.
४) माया-भाषक व्यक्तींना विक्रेता म्हणून नव्हे, तर भाष्यकार म्हणून स्थान मिळाले तर सहलीचे शैक्षणिक मूल्य वाढेल.

कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने काढलेल्या अभ्याससहलीलाही हा विचार लागू पडतो. अवशेष दाखविताना 'हे कोणी बांधले?' हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो. त्याच्या जोडीला 'त्यांची मुलेबाळे आज कोठे आहेत?' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. चिचेन इत्सात त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते मंदिरापासून कुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर, दोन्ही बाजूंना, माल मांडून उभे असते.